कोरी बरणी

४ ऑक्टोबर

निघताना ताईने ही वही माझ्या हातात कोंबली. रोज एक पान लिही, म्हणाली, म्हणजे दिवसातून पंधरा मिनिटं तरी तू एका जागी बसशील. आमच्या घरात माझी ख्यातीच तशी आहे. पायाला भिंगरी लागलेली म्हणतात ती मीच. जेवतानासुद्धा माझा डावा पाय टेबलाखाली नाचत असतो आणि समोरच्याच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. लग्नानंतर आठ दिवसांत नवरोबाने माझं नाव ‘भिंगरी’ ठेवलं, ते आजतागायत चालू आहे.

तर लिहिते. पोचलो एकदाचे. सामानाचा टेम्पो दुपारी एकला दारात आला. त्यात गादीवर आडवा पडून नवरोबा आला, कारण त्याची पाठ. त्या पाठीला सहा वर्षं झाली. चार डॉक्टर झाले, दोन पट्टे झाले, एकाने सुया टोचल्या, एकाने उलटं टांगलं. जमिनीवर पडलेला मोजा उचलायचा तरी मला हाक मारावी लागते. तोंड मात्र शाबूत आहे. हमालांनी गादीसकट त्याला जिन्यातून वर नेलं तेव्हा म्हणाला, नाजूक माल आहे, वरची बाजू वरच ठेवा. हमाल हसत हसत अर्ध्या जिन्यात थांबले.

घर छान आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केली की समुद्राचा एक तुकडा दिसतो. खाली मालकीणबाई एकट्याच राहतात. शांत बाई. इतक्या शांत, की मी चार प्रश्न विचारेपर्यंत त्यांचं पहिलं उत्तर यायचं असतं.

हवेला एक वास आहे. धुऊन पुसलेल्या इस्पितळाच्या बोळासारखा, थोडा गोडसर. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, कसला वास? मग आठवून म्हणाल्या, हो, नव्या माणसांना येतो म्हणे, दहाएक दिवस.

६ ऑक्टोबर

नोकरीचा पहिला दिवस. गावातली गटारं आणि तीन कारखाने (एक औषधांचा, एक रंगांचा, एक साबणाचा) यांचं सगळं सांडपाणी आमच्या केंद्रात येतं. तिथे ते गाळून, ढवळून, निवळून पाइपातून समुद्रात सोडतात. पाइपाचं तोंड किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, छातीभर पाण्यात आहे. त्या तोंडाजवळचा तळाचा गाळ तपासणं हे माझं काम.

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. मॅडम प्रमुख. होडीतून नमुने आणणारा एक आडवातिडवा माणूस, त्याला सगळे ‘लंगर’ म्हणतात, कारण तो होडीत बसला की होडी हलत नाही. आणि मी. माझ्या आधी जी बाई होती तिचा मग अजून खिडकीत आहे, कानाचा टवका उडालेला. तोच मला दिला.

इथली एक रीत आहे. चहा आपल्याच केंद्रातून शुद्ध होऊन निघालेल्या पाण्याचा करायचा. पाइपात जायच्या आधी एक तोटी आहे, किटली तिथेच भरतात. मॅडम म्हणाल्या, आचारीच आपल्या हातचं जेवला नाही तर पाहुणे कशाला जेवतील? मला पटलं. चहाही बरा लागला. संध्याकाळपर्यंत सहा मग झाले. मला चहा लागतोच.

तपासणीची पद्धत जुनीच आहे. समुद्राच्या कुठल्याही गाळात निसर्गाचं थोडंफार काहीतरी असतंच, ते वजा करावं लागतं. त्यासाठी कपाटात एक पांढऱ्या झाकणाची बरणी आहे, तिला ‘कोरी बरणी’ म्हणतात. तिच्यात भरसमुद्रातला, जिथे आपलं पाणी पोचतच नाही अशा जागेचा गाळ. रोज सकाळी आधी तो यंत्रात घालायचा आणि ‘शून्य’चं बटण दाबायचं. भाजीवाला रिकामं टोपलं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतो, अगदी तसंच. मग पाइपाजवळचा गाळ घालायचा. जो आकडा येईल ती आपली घाण.

आज आकडा शून्य आला. मॅडम म्हणाल्या, नेहमीच शून्य येतो. दर सोमवारी निकालावर सही करायची आणि ती किनाऱ्यावरच्या पाटीवर लावायची: ‘पाणी पोहण्यास सुरक्षित’. खाली तपासनिसाची सही. म्हणजे माझी. आईबाबा असते तर पाटीसमोर उभे राहून फोटो काढून घेतले असते.

११ ऑक्टोबर

आज आनंदाची बातमी आहे.

इथे रोज सकाळी पोहणारी एक मंडळी आहे. निवृत्त शाळामास्तर, शिंपी, दातांचे डॉक्टर, असे नऊ जण. पाइपाच्या तोंडाजवळ पाणी कोमट असतं, तिथे जाऊन ती उभी राहतात. मास्तरांनी नवरोबाला सांगितलं की त्यांचे गुडघे त्या पाण्याने बरे झाले. नवरोबाने मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, पाटी वाच, सही कोणाची आहे बघ. तो म्हणाला, ती बघूनच भीती वाटतेय.

मंगळवारपासून जातोय. आज सकाळी मी दारात चपलेचा पट्टा लावत होते, तर हा आला, खाली वाकला आणि त्याने तो लावून दिला. वाकला. सहा वर्षांनी. मी तिथेच पायरीवर बसून रडले. तो म्हणाला, एवढं काय, उद्या दुसऱ्या चपलेचा लावतो.

१७ ऑक्टोबर

वास गेला. कधी गेला ते कळलंच नाही. मालकीणबाईंचं बरोबर होतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. नमुन्याचा गाळ मी रोज हातमोजे घालून चाळते. काळा, मऊ, रेशमासारखा. पण त्यात काही म्हणजे काही नाही. ना किडा, ना शिंपल्याचा तुकडा, ना कसली अळी. स्वच्छ समुद्राच्या तळाचा गाळ वळवळत असतो, बोटाला टोचत असतो. हा नुसता पडून राहतो. आणि आकडा मात्र शून्य. मॅडमना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, किडे नाहीत हे चांगलंच की.

नवरोबा आता नऊ-नऊ तास झोपतो. पाठ एकदम ठीक. काल कपाट एकट्याने सरकवलं. मी उगाच खुसपट काढत बसते.

२६ ऑक्टोबर

आज रविवार, म्हणून त्याच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. मला पोहता येत नाही आणि थंड पाण्याशी माझं वाकडं, त्यामुळे मी आपली वाळूवर येरझाऱ्या घालत बसले.

पोहत कोणीच नाही. हे मला ठाऊक नव्हतं. सगळे गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन गोल करून उभे राहतात. बोलत नाहीत. लाट आली की माणूस जरा तरी वरखाली होतो ना? ही मंडळी होत नाहीत. लाट त्यांच्या तोंडावरून जाते, डोकी जागच्या जागी असतात. तळाला गाळ आहे, तो पाय धरतो, असं नवरोबाने नंतर सांगितलं. फार बरं वाटतं म्हणाला, कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं.

वेळ जाईना म्हणून मी वाळूवर मांडलेल्या चपला मोजल्या. दहा जोड. मग डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, अकराच. तासाभराने मंडळी बाहेर आली, चपला घालून निघाली, दहाच्या दहा जोड गेले. मी नवरोबाला म्हटलं, एक जण राहिलंय आत. त्याने वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, ती राहते.

३ नोव्हेंबर

सही केली. आकडा शून्य होता, मग सही न करायला कारण काय सांगणार?

पण घरात काय चाललंय ते लिहून ठेवते. नवरोबाचं वजन सात किलोने वाढलंय. पोट नाही, गाल नाही, कपडे तेच होतात. नुसता जड झालाय. पलंग त्याच्या बाजूला खचलाय. अंघोळीनंतर मोरीत राखाडी साय उरते, बोटाने पुसली तर रेशमासारखी. आज सकाळी त्याच्या उशीवर कानाच्या जागी रुपयाएवढा ओला डाग होता. हुंगून पाहिला, वास आला नाही. मला तर आता कशाचाच वास येत नाही.

आणि तो बोलत नाही. ज्या माणसाने हमालांना जिन्यात हसवलं तो आठवडाभर हो आणि नाही एवढंच बोलतोय. टेबलाखाली माझा पाय नाचत होता, त्याच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं, एरवी म्हणाला असता, भिंगरे, भूकंप थांबव. आज त्याने नुसता ग्लास उचलून बाजूला ठेवला.

पाठ बरी आहे. मी विचारलं की तेवढंच सांगतो. मला ती वाकडी पाठ आणि तो बडबड्या माणूस परत हवाय. हे लिहायलाही लाज वाटते, पण हवाय.

६ नोव्हेंबर

आज हट्टाने लंगरबरोबर होडीत गेले. पाइपाच्या तोंडावर होडी थांबवून तो लांब नळी तळाला खुपसतो आणि गाळ वर काढतो. पहिली बरणी भरली, तिला निळं झाकण लावलं. मग त्याने दुसरी काढली. तीही तिथेच भरली. तिला पांढरं झाकण लावलं.

मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, कोरी बरणी, दर महिन्याला नवी लागते ना.

आठ वर्षांपूर्वी एकदा होडीचं इंजिन बिघडलं होतं, भरसमुद्रात जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्या महिन्यापुरती त्याने कोरी बरणी इथेच भरली. आकडा शून्य आला, मॅडम खूश झाल्या, वरून शाबासकीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यात परत लांब जाऊन आकडा वाढवायचा कशाला? शून्य आलं की कोण विचारतं, ताई, असं म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. शांतपणे सांगत होता.

म्हणजे आठ वर्षं घाणीतून तीच घाण वजा होतेय. भाजीवाल्याने टोपलं भाजीसकट काट्यावर ठेवून शून्य केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि खाली सही माझी.

होडी वळताना आधीच्या बाईबद्दल विचारलं. लंगर म्हणाला, गेल्या वर्षी एक दिवस ती पाण्यातून बाहेर आली नाही. शोधलं का, विचारलं. म्हणाला, शोधायचं कशाला, रोज दिसते की.

७ नोव्हेंबर

‘शून्य’चं बटण न दाबता आजचा गाळ यंत्रात घातला. काटा शेवटपर्यंत गेला आणि तिथेच अडकून बसला. झोपेच्या गोळ्या, वेदना मारणारी औषधं, रंग, आणि ज्यांची नावं यंत्रालाही माहीत नाहीत असलं बरंच काही.

मॅडमसमोर कागद ठेवला. त्यांनी चहा ढवळत सगळं वाचलं. म्हणाल्या, आठ वर्षांत या गावात एक भांडण झालं नाही, कोणाची पाठ दुखत नाही, त्रास नेमका कोणाला आहे? मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाल्या, तुमचाही थांबेल, सगळ्यांचा थांबतो.

वरच्या कार्यालयाला फोन केला. निकाल ठरलेल्या पद्धतीने, कोरी बरणी वापरूनच पाठवा, म्हणाले.

नवरोबाला सांगितलं. हात धरून, डोळ्यांत बघून, सगळं. जायचं नाही पाण्यात, उद्या नाही, कधीच नाही. त्याने मान डोलावली. ८ तारखेची भर: सकाळी उठले तर पलंगाची बाजू रिकामी होती, आणि दारापर्यंत राखाडी पावलं.

९ नोव्हेंबर

देव पावला. आधी निकाल लिहिते, मग बाकीचं.

दोन दिवस एकच घोर होता: हे सगळं त्याच्या अंगात किती मुरलंय? किनाऱ्यावरच्या गाळाचं मी काय ते नंतर बघेन, त्याला आधी वाचवायचंय. केसात सगळं साठतं. काल त्याच्या कंगव्यातले केस गोळा केले. आज रविवार, प्रयोगशाळेत कोणी नाही, किल्ली माझ्याकडे. या वेळी चूक नको म्हणून कोरा नमुना दुसऱ्या कोणावर सोडला नाही. लंगरची बरणी नको, मॅडमचं काही नको. समुद्रात एकदाही पाऊल न टाकलेलं माणूस हवं, ते मीच. माझे केस कापले, विरघळवले, यंत्रात घातले, ‘शून्य’ दाबलं. मग त्याचे घातले.

शून्य.

तीनदा केलं. तिन्ही वेळा शून्य. त्याच्या अंगात काही नाही. वजन म्हणजे सुस्ती असेल, न बोलणं म्हणजे माझ्या कटकटीला कंटाळणं असेल. मी तिथल्या तिथे दोन मग चहा करून प्यायले, आनंद साजरा करायला दुसरं होतं काय. मग धावत किनाऱ्यावर गेले आणि तो बाहेर येईपर्यंत घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. पाणी खरंच कोमट आहे. तळ मऊ आहे. फार बरं वाटलं.

आता घाई नाही. या महिन्यात कधीतरी निघू.

१० नोव्हेंबर

सकाळी टेबलाशी बसले होते. समोर पाण्याचा ग्लास होता. पाणी हलत नव्हतं.

बराच वेळ मी त्या ग्लासाकडे बघत राहिले. मग टेबलाखाली पाहिलं. डावा पाय जमिनीवर टेकलेला, नीट, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

तेव्हा कळलं. कोरी बरणी मी केली. माझ्याच केसांची. त्याच्यात जेवढं आहे तेवढं किंवा जास्त माझ्यात असेल, तर उत्तर शून्यच येणार. लंगरने आठ वर्षं जे केलं ते मी एका सकाळीत केलं, तीनदा केलं, वर नाचले.

ताईचा स्वेटर बॅगेत होता. घडीत तिचा एक लांब पांढरा केस सापडला. प्रयोगशाळेत जाऊन त्याच्यावर शून्य केलं.

नवरोबाचा आकडा ४१२.

माझा ९८०.

मी तर कालपर्यंत समुद्रात पाऊलही टाकलं नव्हतं. पण दिवसाला सहा मग. तोटीचं पाणी. समुद्रात जाऊन पातळ होण्याच्या आधीचं. त्या बाईच्याच मगातून.

११ नोव्हेंबर

ताईला फोन केला. सगळं सांगायचं ठरवून केला. सांगायला लागले तर तीच म्हणाली, तू इतकी सावकाश का बोलतेस, झोपेत आहेस का? मी म्हटलं, नाही. पुढचा शब्द यायला वेळ लागत होता. तोवर ती रडायला लागली होती. शनिवारी येते, म्हणाली, दोघांना घेऊनच जाईन.

येऊ नकोस, म्हणायचं होतं. हो म्हणाले.

चहा सोडला. दुपारी हातात मग होता. कोणी दिला आठवत नाही. मीच केला असेल.

१२ नोव्हेंबर

बॅग भरली. त्याचे चार शर्ट, माझे कपडे, औषधं. दाराशी ठेवली. त्याला म्हटलं, चल, ताईची वाट नको बघायला, आजच. तो आला. दारापर्यंत आला खरंच. बॅगेवरून पाय टाकला आणि किनाऱ्याकडे वळला.

हात धरून ओढला. हलला नाही. घराला ओढल्यासारखं.

मी म्हटलं, एकदा भिंगरी म्हण. एकदाच म्हण, मग जा.

त्याने तोंड उघडलं. हनुवटीवरून बारीक राखाडी धार आली. शब्द आला नाही. तो थांबला मात्र, मिनिटभर, मला वाटतं आठवत होता.

१३ नोव्हेंबर

तो बाहेर आला नाही.

चपला वाळूवर आहेत. दहा जोड. सगळ्यांच्या. कोणीच बाहेर आलं नाही आज. मास्तर, शिंपी, दातांचे डॉक्टर — अकरा डोकी, सगळी पाइपाकडे तोंड करून. लाट येते, जाते.

हाका मारल्या. माझाच आवाज मला लांबून आला.

मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो का. थोड्या वेळाने म्हणाल्या, मीही येणार होते.

१४ नोव्हेंबर

पाटी काढायला हवी. माझी सही आहे तिच्यावर. ताई वाचेल. माझं अक्षर ओळखेल, मग खोटं कशाला वाटेल तिला — माझी पाटी बघूनच तो गेला होता.

खिळे चार. दोन निघाले. मग वाळूवर बसले. किती वेळ —

ऊन उतरलं होतं.

पाय हलवून पाहिला. हलव म्हटलं की हलतो. आपण होऊन नाही.

भीती वाटायला हवी. वाटते. पण लांब, भिंतीपलीकडे कोणी बोलत असल्यासारखी. तीही जाईल, याचीच खरी —

१५ नोव्हेंबर

शनिवार. ताई दुपारी येणार.

वही घेऊन किनाऱ्यावर आले. पाटीसाठीच. बाकी कशासाठी नाही. तिसरा खिळा —

तो दिसतो. कडेला. त्याच्या शेजारी एक जागा सोडलीय त्यांनी.

चपला मोजल्या. अकरा जोड. शेवटचा जोड ओळखीचा. डाव्या चपलेचा पट्टा नीट लावलेला.

कधी काढल्या मी.

पाणी कोमट आहे. वही वर धरलीय, भिजू नये म्हणून, ताईने दिलेली. तळ धरतो. बरं —

नाही. ताई. वही किनाऱ्याकडे फेकते, तुला सापडेल. तू मला बघशील, त्याला बघशील. धावत येऊ नकोस. पाटीवर माझी सही आहे ती मानू नकोस, अक्षर माझंच आहे पण पाण्यात